बेरोजगार भत्त्याचा दावा: पोचपावतीवरील तारीख खरी मानायची की संगणकावरची?

धानपट्टा (चर्चेची सुरुवात)

आमचे गाव पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात आहे. धान घरात आले की शेतातील काम आटोपते आणि ज्यांच्याकडे उन्हाळी धानापुरते पाणी नाही, अशा घरांना तेंदूपत्त्याचा हंगाम लागेपर्यंत हाताला काम उरत नाही. म्हणून ३ फेब्रुवारी २०२५ रोजी गावातील २२ कुटुंबांतून प्रत्येकी एकाने नमुना ४ भरून ग्रामपंचायतीकडे रोजगार हमीच्या ६० दिवसांच्या कामाची मागणी केली. आम्हाला पोचपावती मिळाली. ती छापील नाही, वहीच्या पानावर निळ्या शाईने लिहिलेली आहे. परंतु तिच्यावर बावीसही नावे, तारीख, सही आणि अर्धवट उमटलेला का होईना, ग्रामपंचायतीचा गोल शिक्का आहे.

मागणी मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत काम देणे बंधनकारक असताना मामा (माजी मालगुजारी) तलावातील गाळ काढण्याचे काम सुरू झाले ते १२ मार्चला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यातील कलम ७ नुसार अशा वेळी पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यापुढे किमान निम्मा दैनिक बेरोजगार भत्ता मिळाला पाहिजे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात मजुरीचा दर २९७ रुपये होता, म्हणजे दिवसाला ७४ रुपये २५ पैसे. १९ फेब्रुवारी ते ११ मार्च असे २१ दिवस धरले तर एका माणसाचे १,५५९ रुपये २५ पैसे होतात.

७ एप्रिलला आम्ही तालुक्याला लेखी तक्रार दिली. अशा तक्रारीचा निपटारा ७ दिवसांत करावयाचा असतो. आता मे २०२५ संपत आला तरी लेखी उत्तर आलेले नाही. तोंडी मात्र सांगण्यात आले की संगणकावर तुमची मागणी १० मार्चची दिसते आणि १२ मार्चला काम मिळाले, त्यामुळे भत्त्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आमची कागदावरची तारीख आणि त्यांची संगणकावरची तारीख यांत ३५ दिवसांचे अंतर आहे आणि सारा वाद त्या ३५ दिवसांचा आहे. माझे मत असे आहे की रक्कम लहान असली तरी हा दावा सोडता कामा नये, कारण मागणीची तारीख कार्यालयाच्या सोयीने ठरू लागली तर कामाची हमी कागदावरच राहील. ज्याच्या हातून ही नोंद उशिरा झाली त्याच्यावर कारवाई व्हावी, अशीही मागणी आम्ही तक्रारीत केली आहे. आपले मत काय?

बांधावरून

मी पाच एकरांचा शेतकरी आहे आणि माझे मत तुमच्या विरुद्ध आहे, ते स्पष्ट लिहितो. काम न करता पैसे मागणे हा रोजगार हमीचा मूळ हेतू नव्हता. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ही योजना सुरू केली तेव्हा लोकांनी खडी फोडली, बंधारे घातले, रस्ते केले आणि त्या घामाचे दाम घेतले. दुसरी गोष्ट अशी की फेब्रुवारीत आमच्या भागातील अर्धी वस्ती मिरची तोडायला तेलंगणात जाते. तुमच्या २२ जणांपैकी किती जण त्या २१ दिवसांत खरोखर गावात रिकामे बसलेले होते, हे तुम्ही सांगितलेले नाही. जो तिकडे मजुरी कमावत होता त्यानेच इकडे भत्ता मागितला तर तो दावा मला पटणार नाही, आणि असे एक जरी नाव निघाले तरी कार्यालय तुमच्या साऱ्या अर्जाकडे संशयाने पाहील.

शिवाय पैसा कोणाचाच वेळेवर येत नाही. माझ्या सिंचन विहिरीच्या कुशल कामाचे देयक वर्ष उलटून गेले तरी अडकलेले आहे. मी उधारीने सिमेंट आणि लोखंड आणले, त्याचे व्याज मला कोण देणार?

हजेरीपत्रक

मी स्वतः ग्राम रोजगार सेवक, म्हणजे ग्रामपंचायतीत रोजगार हमीच्या नोंदी ठेवणारा माणूस आहे. तुमच्या गावचा नाही, तरीही तुमच्या तक्रारीतील शेवटची मागणी वाचून लिहावेसे वाटले.

मागणी संगणकावर उशिरा चढते, हे खरे आहे आणि ते मी नाकारणार नाही. पण ती का उशिरा चढते, हेही लोकांनी समजून घ्यावे. २००५ च्या कायद्यानुसार अकुशल मजुरीचा पैसा केंद्राकडून येतो, बेरोजगार भत्ता मात्र राज्याला द्यावा लागतो. मागणी ज्या दिवशी आली त्याच दिवशी चढवली आणि मंजूर काम हाताशी नसले तर सोळाव्या दिवसापासून भत्ता देय दिसू लागतो आणि त्याचा जाब वरून खाली येत शेवटी आमच्यापाशी थांबतो. म्हणून आधी काम मंजूर होऊ द्या, मग मागणी चढवा, असे तोंडी सांगितले जाते. लेखी कोणीही देत नाही. अंदाजपत्रकावर तांत्रिक सहायकाची सही नाही, प्रशासकीय मान्यता नाही, आणि दारात २२ माणसे उभी आहेत, अशा वेळी मानधनावर काम करणाऱ्या माणसाने काय करावे? तुमच्या सेवकाने निदान सही आणि शिक्क्यानिशी पोच दिली. अनेक ठिकाणी तीही दिली जात नाही. ज्याने पावती दिली त्याच्यावरच कारवाई मागितली तर पुढच्या वर्षी तुमच्या तालुक्यातील एकही सेवक पावती देणार नाही, एवढे लक्षात ठेवा.

मोहफूल

मी मेळघाटातील एका गावात रोजगार हमीच्या कामावर मेट, म्हणजे मजुरांची हजेरी घेणारी आहे. धानपट्टा भाऊ, तुमचा दावा खरा आहे, यात मला शंका नाही. परंतु तो लढण्यासाठी मजुराला काय मोजावे लागते, तो हिशेबही मांडला पाहिजे. तालुक्याला एकदा जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, आणि ती २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये आहे. बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे म्हणून आम्ही निदान जाऊ शकतो. पण साहेब दौऱ्यावर आहेत, शनिवारी या, पुढच्या आठवड्यात या, असे पाच वेळा झाले की १,५५९ रुपयांचा दावा अंगावर येतो.

आमच्याकडचे दुखणे निराळे आहे. होळीला परत आलेली माणसे यंदा गावातच थांबली, कारण सलग काम मिळेल असे आम्ही त्यांना सांगितले होते. काम मिळाले, मजुरी मात्र पाच आठवडे आली नाही. दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो काढून हजेरी द्यायची, नेटवर्क मिळावे म्हणून मी फोन घेऊन टेकडीवर चढायचे, आणि पैसे कधी येतील असे बायकांनी रोज मलाच विचारायचे. कामाचे हजेरीपत्रक बंद झाल्यावर १५ दिवसांत मजुरी आली नाही तर सोळाव्या दिवसापासून दररोज ०.०५ टक्के भरपाई द्यायची असा नियम आहे. सहा दिवसांच्या १,८७२ रुपयांवर ही भरपाई दिवसाला ९४ पैसेसुद्धा होत नाही. किराणा दुकानदार उधारीवर यापेक्षा कितीतरी जास्त लावतो. म्हणून मला वाटते की आपली सारी शक्ती भत्त्याच्या मागे न लावता काम वेळेवर सुरू होणे आणि मजुरी वेळेवर मिळणे यासाठी लावावी.

जुना लिपिक

पंचायत समितीत बरीच वर्षे काढून मी निवृत्त झालो आहे. येथे दोन-तीन गोष्टींची गल्लत होत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बांधावरून यांनी १९७२ ची आठवण दिली, ती योग्यच आहे. पण वि. स. पागे यांनी मांडलेल्या त्या कल्पनेचे पुढे १९७७ च्या महाराष्ट्र कायद्यात रूपांतर झाले आणि काम मागणे हा लोकांचा हक्क ठरला. शासनाला काम देता आले नाही तर त्याची किंमत शासनाने मोजावी, यासाठी बेरोजगार भत्ता आहे. तो आळसाचे बक्षीस नाही. काम देऊ केले असताना जो येत नाही त्याला भत्ता मिळत नाही. किंबहुना काम नाकारणारा, १५ दिवसांत कामावर हजर न होणारा किंवा परवानगीशिवाय आठवड्याहून अधिक गैरहजर राहणारा माणूस तीन महिन्यांसाठी भत्त्याला अपात्र ठरतो. तेव्हा ऐतखाऊपणाची भीती कायद्याने आधीच लक्षात घेतलेली आहे.

आता तारखेविषयी. २००५ च्या कायद्याच्या कलम ७ मधील १५ दिवस अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून मोजायचे असतात. आगाऊ अर्ज असेल तर ज्या तारखेपासून काम मागितले त्या तारखेपासून. संगणकात नोंद कधी झाली याचा तेथे उल्लेखही नाही. त्यामुळे तुमची पावती हाच तुमचा मुख्य पुरावा आहे. तिच्या छायाप्रती काढा, मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका आणि पावसाळ्यापूर्वी तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. ओल लागून शिक्का पुसट झालेल्या पावत्या मी पाहिल्या आहेत. ग्रामपंचायतीच्या त्या दिवसांच्या आवक नोंदवहीची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. ३० दिवसांत उत्तर देणे त्यांना भाग आहे, आणि त्या वहीत ३ फेब्रुवारीची नोंद निघाली तर १० मार्चचा दावा टिकणार नाही.

तक्रार तालुक्याला दिली असे तुम्ही लिहिले आहे, पण ती कोणाकडे दिली? महाराष्ट्रात या योजनेचे कार्यक्रम अधिकारी तहसीलदार आहेत, गटविकास अधिकारी सह कार्यक्रम अधिकारी असतात. अर्ज एका टेबलावर आणि जबाबदारी दुसऱ्या टेबलावर, असे होऊन अनेक तक्रारी विनाकारण पडून राहतात. कार्यक्रम अधिकाऱ्याने तक्रार नोंदवहीत घेतली की नाही, तिचा क्रमांक काय, हे विचारा. तेथे काही झाले नाही तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण प्राधिकाऱ्याकडे जाता येते. कायद्याचे उल्लंघन करणाऱ्यास १,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम २५ मध्ये आहे, परंतु पहिल्याच अर्जात दंड मागितला की समोरचा माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो आणि मूळ पैसे बाजूला पडतात.

मोहफूल ताई, मजुरीच्या विलंबाविषयी एक सांगतो. पूर्वी भरपाई मोजताना निधी हस्तांतरणाच्या (मजुरी खात्यात सोडण्याच्या) आदेशावर सही होईपर्यंतचा उशीरच धरला जात असे, त्यानंतर पैसे वर अडकले तर तो उशीर हिशेबात येत नसे. स्वराज अभियान या संघटनेच्या प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत मान्य केली नाही. उशीर कोणत्या टप्प्यावर झाला याच्याशी मजुराला कर्तव्य नाही.

बांधावरून

अपात्रतेची तरतूद मला ठाऊक नव्हती, ती मान्य करतो. पण माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही. मिरचीला कोण गेले होते?

धानपट्टा

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर आधीच द्यायला हवे होते. २२ पैकी चार घरचे लोक २७ फेब्रुवारीला मिरची तोडायला गेले. ते काम मिळण्याची वाट पाहून, घरातील तांदूळ संपल्यावर गेले. लहान मुलांची शाळा बुडवून, म्हाताऱ्यांना मागे ठेवून गेले. १८ फेब्रुवारीच्या आत तलावाचे काम लागले असते तर ते गेले नसते, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. तरीही ज्या दिवसांत त्यांनी दुसरीकडे मजुरी घेतली त्या दिवसांचा भत्ता मागणे बरोबर दिसणार नाही, असे काल रात्री समाजमंदिरात बसून सर्वांनी ठरवले. त्या चौघांसाठी आम्ही २६ फेब्रुवारीपर्यंतचेच आठ दिवस धरतो, म्हणजे प्रत्येकी ५९४ रुपये. अठरा जणांचे २१ दिवस आणि चौघांचे आठ दिवस मिळून एकूण ३०,४४२ रुपये ५० पैसे होतात. यापुढे आमचा दावा तेवढाच राहील.

हजेरीपत्रक भाऊ, आपले म्हणणे मला लागले. रागाच्या भरात आम्ही सर्वांत खालच्या माणसाकडे बोट दाखवले. कारवाईची मागणी आम्ही मागे घेत आहोत. मात्र मागणी चढवू नका असे जे तोंडी सांगितले जाते, त्याला आपण सेवकांनी संघटितपणे लेखी आदेश मागितला पाहिजे, नाहीतर दरवर्षी तुम्ही आणि आम्ही एकमेकांसमोर उभे राहू आणि आदेश देणारा कधीच समोर येणार नाही.

ताईंच्या हिशेबाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एकट्याने पाच फेऱ्या मारायच्या असतील तर दावा परवडत नाही, हे खरेच आहे. म्हणून बावीस जणांचा एकच अर्ज, दोघांनीच जायचे, आणि त्या दोघांची बुडालेली मजुरी बाकीच्यांनी मिळून भरून द्यायची, अशी व्यवस्था आम्ही केली आहे. पण वेळेवर काम आणि भत्ता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असे मला वाटत नाही. भत्ता द्यावा लागेल अशी धास्ती असली तरच जानेवारीत कामांच्या मंजुऱ्या निघतील.

हजेरीपत्रक

लेखी आदेश मागण्याचे धाडस एकट्याला होत नाही. आमच्या पुढील मासिक बैठकीत हा विषय मी मांडतो. किती जण साथ देतील, हे आत्ता सांगू शकत नाही.

बांधावरून

चौघांचे दिवस कमी केले, हे चांगले केले. दाव्याविषयी माझा आक्षेप आता राहिला नाही. भत्त्यापेक्षा काम मोठे, हे मत मात्र कायम आहे.

मोहफूल

माझेही मत पूर्ण बदललेले नाही, पण दोघांनी जाण्याची तुमची रीत आम्हाला जमण्यासारखी आहे. विलंबाच्या भरपाईसाठी आमच्या गटाचा एक अर्ज लिहायला आज बसलो, तेव्हा कळले की सात बायकांची जॉब कार्डे त्यांच्या घरी नाहीत. नोंदी करायच्या म्हणून नेली, ती परत आली नाहीत. जुना लिपिक काका, कार्ड मजुराकडेच असले पाहिजे ना? उद्या सकाळी आधी ती सात कार्डे मागून आणतो, आणि मग छायाप्रती जोडून अर्ज पुरा करतो. त्यात कोणत्या तारखेपासूनचे दिवस मोजायचे, तेवढे आपण तपासून द्यावे.