स्कॅनरच्या व्हीएमला किती कोअर, किती रॅम? काट्यावर ट्रॅक्टर अडकले म्हणून विचारतोय

काटाघर_लातूर

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात संगणक विभाग बघतो. विभाग म्हणजे मी आणि एक शिकाऊ पोरगा. वरून आदेश आला की नेटवर्कमध्ये कुठं काय उघडं पडलंय ते तपासून द्या. म्हणून ओपनव्हास हा नेटवर्कमधल्या त्रुटी शोधणारा स्कॅनर बसवला.

सर्व्हर एकच, ८ कोअर आणि ३२ जीबी रॅमचा टॉवर, त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर. ऊस हिशेबाच्या डेटाबेसला ४ कोअर, १२ जीबी. हजेरी आणि फाइल सर्व्हरला प्रत्येकी २ कोअर, ४ जीबी. तपासायची यंत्रं साधारण १८०, दोन सेगमेंटमध्ये.

स्कॅनरला आधी २ कोअर आणि ४ जीबी दिले. रात्री दहाला ‘फुल अँड फास्ट’ ही त्यातली तयार तपासणी लावली, पहाटे बघतो तर काम अर्धवट तुटलेलं. कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’, स्कॅनर वापरतो त्या रेडिस डेटाबेसची प्रोसेस मारलेली. दुसऱ्या दिवशी ६ कोअर आणि १२ जीबी दिले. त्या रात्री साडेबाराला काट्यावरून फोन आला, पावती निघत नाही. पळत गेलो. भरलेला ट्रॅक्टर काट्यावरून खाली उतरला तरी स्क्रीनवर त्याच्याच वजनाचा आकडा गोठलेला, आणि मागं गाडीतळापर्यंत रांग. एक ड्रायव्हर विचारायला लागला, “साहेब, माझं वजन धरलं का नाही?” त्या पावतीवर शेतकऱ्याचं बिल निघतं, तोडणीवाल्यांची मजुरी निघते. मला लै वाईट वाटलं. स्कॅन बंद केलं, वजनकाट्याला नेटवर्कशी जोडणारा कन्व्हर्टर बंद-चालू केला, तेव्हा गाडी पुढं सरकली.

आता नेमकं किती द्यावं? आणखी रॅम घ्यायची झाली तर प्रस्ताव टाकावा लागेल.

सर्व्हररूम_नांदेड

दादा, प्रस्ताव थांबवा, आधी बेरीज करा. १२, ४, ४ आणि स्कॅनरचे १२, झाले ३२. प्रॉक्समॉक्सला स्वतःला काय उरलं? सगळं स्वॅपवर, म्हणजे डिस्कवरच्या संथ मेमरीवर, गेलं असणार. कोअरचंही तेच, ८ कोअरवर १४ वाटलेत. कोअर जास्त वाटणं एरवी चालतं, कारण सगळ्या व्हीएम एकदम कामाला लागत नाहीत. पण स्कॅनर रात्रभर कोअर सोडतच नाही आणि तुमचा डेटाबेस वाट बघत बसतो. पावती उशिरा निघाली ती त्यामुळं.

ओपनव्हास बनवणाऱ्या ग्रीनबोनच्या कम्युनिटी आवृत्तीसाठी त्यांनीच सांगितलेलं किमान माप २ कोअर, ४ जीबी रॅम, २० जीबी डिस्क. शिफारस ४ कोअर, ८ जीबी, ६० जीबी. तुम्ही शिफारशीएवढंच द्या, ४ आणि ८. बलूनिंग (व्हीएमची रॅम आपोआप कमी-जास्त होणं) बंद ठेवा, रॅम पक्की द्या. आणि त्या व्हीएमचं सीपीयू वजन डेटाबेसपेक्षा कमी ठेवा, म्हणजे ओढाताण झाली तर आधी डेटाबेसला मिळेल.

पण खरं माप इथं नाहीच. ओपनव्हास मुळात एका वेळी २० यंत्रं घेतं आणि प्रत्येकावर ४ तपासण्या चालवतं. म्हणजे ८० कामं एकदम. हा गुणाकार जसाच्या तसा ठेवून रॅम वाढवत गेलात तर भार फक्त पुढं, समोरच्या यंत्रांवर ढकलला जातो. टास्कमध्ये जाऊन ५ यंत्रं आणि २ तपासण्या करा. १० कामं. वेळ वाढेल, पण तो आधी मोजता येतो. माझ्याकडं अशा सेटिंगला पाचांच्या एका फेरीला सरासरी १२ मिनिटं लागली. तुमच्या १८० यंत्रांच्या ३६ फेऱ्या, म्हणजे सव्वासात तास.

अजून दोन गोष्टी बघा. टार्गेटमध्ये ‘कन्सिडर अलाइव्ह’ (प्रत्येक पत्त्यावर यंत्र चालू आहे असं धरणं) निवडलंय का? तसं असेल तर रिकाम्या पत्त्यांवरसुद्धा ते पूर्ण तपासणी करत बसतं. पत्त्यांची यादीच द्या. आणि यूडीपीचे सगळे पोर्ट लावू नका. बंद पोर्टचं उत्तर बरीच यंत्रं मुद्दाम हळू देतात. सेकंदाला एक या वेगानं ६५,५३६ पोर्टना १८ तासांहून जास्त लागतात, तेही एका यंत्राला. फीड (तपासण्यांचा साठा) अपडेट चालू असताना स्कॅन लावू नका, पहिल्या रात्री मेमरी तिथंही गेली असेल.

परभणीचा_तारवाला

वरच्या भाऊंचं सगळं बरोबर, पण काटा गोठला तो रॅममुळं नाही. सिरियलवरून इथरनेट करणारी ती छोटी डबी एका वेळी एक-दोनच कनेक्शन घेते. स्कॅनरनं ती अडवली की वजनाचा आकडा पुढं जाणार कसा? तो पत्ता वगळा. हजेरीची बोटं घेणारी यंत्रंही वगळा. प्रिंटरलाही जपा. ९१०० पोर्टवर काहीही पाठवलं की काही प्रिंटर ते कागदावर छापतात. एनमॅप हे पोर्ट तपासणारं साधन याच कारणानं आवृत्ती ओळखताना ९१०० ते ९१०७ पोर्ट मुळातच सोडून देतं.

व्हीएमचं नेटवर्क कार्ड ब्रिजवर, म्हणजे थेट ऑफिसच्या नेटवर्कवर, आहे ना? नॅटमागून (सर्व्हरच्या पत्त्याआडून) स्कॅन केलं तर एआरपीनं (स्थानिक नेटवर्कवर पत्ता विचारून) यंत्रं सापडत नाहीत आणि निकालावर भरवसा ठेवता येत नाही. दुसरा सेगमेंट फायरवॉलमागं असेल तर तिथल्या कनेक्शन टेबलवरही लक्ष ठेवा, ते भरलं तर अख्ख्या ऑफिसचं नेट बसेल.

आणि एक कळकळीनं सांगतो, तोंडी आदेशावर स्कॅन करू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याचा उल्लेख आहे. तारीख, वेळ, पत्त्यांची यादी लिहून सही घ्या.

काटाघर_लातूर

पाच दिवस लागले, पण जमलं. सगळ्यांचे मनापासून आभार.

मी ‘रात्री मोकळं असतं’ असं धरून चाललो होतो. हंगामात कारखाना चोवीस तास चालतो, गाड्या तर रात्रीच जास्त येतात. म्हणून आता दुपारच्या जेवणाच्या वेळेला लागून लेखा विभागाचे ४० पीसी घेतले. ४ कोअर, ८ जीबी, ५ गुणिले २. पावणेदोन तासांत संपलं. मेमरी जास्तीत जास्त साडेपाच जीबीपर्यंत गेली. शिकाऊ पोराला काट्यावर बसवलं होतं, त्यानं प्रत्येक पावतीची वेळ वहीत लिहिली. एकही पावती अडली नाही.

सापडलं ते असं: दोन बिलिंगच्या पीसीवर फाइल शेअर करणाऱ्या एसएमबीची जुनी, असुरक्षित पहिली आवृत्ती चालू, आणि एका स्विचवर पासवर्ड न झाकता पाठवणारं टेलनेट उघडं. टेलनेट त्याच दिवशी बंद केलं. काट्याचा कन्व्हर्टर यादीतून काढलाय. तो हंगाम संपल्यावर, काटा थांबवून, पुरवठादाराचा माणूस समोर उभा करूनच तपासणार. परवानगीच्या कागदावर सही झाली आहे.

उद्या शेती विभागाचे ३५ पीसी आहेत. काटा कारकुनाला वेळ लिहून दिली आहे, आकडा जरा जरी थांबला तरी थेट मला फोन करायचा असं सांगितलंय.