शब्दचर्चा: आमदार 'फुटतात' की 'फोडले' जातात?

ओसरीवरून

आमच्या घरी दोन पेपर येतात, एक वडिलांचा, एक काकांचा. जून 2022 मध्ये शिवसेनेत एकनाथ शिंदे आणि उद्धव ठाकरे अशा दोन बाजू झाल्या, तेव्हापासून ही वाटणी पक्की झाली आहे. परवा रद्दी बांधताना त्याच आठवड्यातले अंक हाती लागले. एकात 'आमदार फुटले', दुसऱ्यात 'आमदार फोडले'. मडकं फुटलं म्हटलं की विषय संपतो. फोडलं म्हटलं की 'कोणी?' आलंच. पुढच्या पानावरही तीच गंमत: एकाचे आमदार सुरतेला 'गेले', दुसऱ्याचे 'नेले'. अकर्मक-सकर्मक शाळेत घोकलं होतं, ते असं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

असे आणखी शब्द सुचवा. आणि 'बंड' नि 'उठाव' यांत नेमका फरक काय?

चणेफुटाणे

आमच्या नाशकात उठाव म्हणजे मालाला गिऱ्हाईक. 'आज कांद्याला उठाव नाही.' त्या अर्थाने 40 आमदारांना उठाव होता खरा. (हलके घ्या.)

बाकी फरक सोपा आहे. बंड म्हटलं की ज्याच्याविरुद्ध ते केलं त्याची सत्ता रीतसर होती, हे आपोआप मान्य होतं. 1857 ला इंग्रजांनी 'शिपायांचं बंड' म्हटलं, आपण शाळेत 'उठाव' शिकलो. म्हणूनच शिंदे यांच्या बाजूने 'हे बंड नव्हे, उठाव' आलं आणि ठाकरे यांच्या बाजूने 'गद्दारी'. चॅनेलांनी 'बंडखोर' धरून ठेवला. तिकीट न मिळालेल्या प्रत्येकाला तो लावून लावून त्याची धार आधीच गेली होती.

जुना उपसंपादक

मी बरीच वर्षं डेस्कवर काढली, म्हणून 'गट'बद्दल लिहितो. मुळात किती निरुपद्रवी शब्द: बचत गट, जमिनीचा गट नंबर, गटशिक्षणाधिकारी. आम्हाला तो आवडायचा कारण 'शिंदे गट' दोन कॉलमांत बसतो. ऑक्टोबर 2022 मध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाण गोठवून तात्पुरती नावं दिली, 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)' आणि 'बाळासाहेबांची शिवसेना'. मथळा लावणाऱ्याने ही कुठे कोंबायची? त्यामुळे गट राहिला.

मग 17 फेब्रुवारी 2023 ला आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डेस्कच्या खांबावर कागद चिकटला: यापुढे 'शिंदे गट' नको, 'शिवसेना' लिहावे, 'ठाकरे गट' चालेल. एका रात्रीत 'गट' या घरातून त्या घरात गेला. कागदोपत्री बरोबरच होतं. पण ज्याच्या मागे गट लागतो तो तुकडा आणि ज्याच्या मागे लागत नाही तो अख्खा, हे वाचकाला कोणी सांगावं लागत नाही. आठवडाभर फोन येत होते, 'किती घेतलेत?' म्हणून. दोन्ही बाजूंचे.

'उबाठा'ही तसाच. आयोगाने दिलेल्या नावाचीच आद्याक्षरं, जागा वाचते. पण विरोधकांच्या तोंडी तो हिणवायला बसला आणि आम्ही तो पहिल्या पानावर छापला की निष्ठावंतांना शिवीच वाटे.

आणि एक कबुली. वार्ताहराच्या कॉपीत साधं 'म्हणाले' असायचं. 'म्हणाले'कडे कोणी बघत नाही, म्हणून त्याचा 'घणाघात' व्हायचा. 'माहिती घेऊन बोलतो' एवढंच बोललेल्या एका नेत्याच्या नावावर मी स्वतः 'सूचक इशारा' लावलेला आहे.

ओसरीवरून

खांबावरचा कागद भारी! पण 1978 मध्ये तर 'इंदिरा काँग्रेस' आणि 'रेड्डी काँग्रेस' असं चालायचं ना? दोघांनाही काँग्रेस म्हणायचे, गट कोणालाच नाही.

जुना उपसंपादक

हो. आणि वसंतदादांच्या सरकारात दोन्ही एकत्र बसल्या होत्या. तेव्हा पुढारी लांबलचक बोलायचे आणि आम्ही लांबलचक छापायचो. चौकटीतली पट्टी नव्हती.

कलम-पोटकलम

'फूट' या शब्दाचं नशीब बघा. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यात त्याला मान होता: एक तृतीयांश आमदार वेगळे झाले तर ती फूट आणि त्यांची आमदारकी शाबूत. 2003 च्या 91व्या घटनादुरुस्तीने ती तरतूद काढली, विलीनीकरण तेवढं ठेवलं, त्याला दोन तृतीयांश लागतात. 11 मे 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की फुटीचा बचाव आता उपलब्ध नाही. मग शिंदे यांच्या बाजूने फूट कबूल करायची कशाला? ते म्हणणार, पक्ष आम्हीच. समोरचेही म्हणणार, पक्ष आमचाच, तो चोरला. चॅनेलवर रात्रंदिवस 'शिवसेनेत उभी फूट', आणि ज्यांच्यात पडली त्यांच्यापैकी कोणालाच तो शब्द नको!

चणेफुटाणे

'उभी' कुठून आली पण? आडवी फूट कधी ऐकली नाही.

जुना उपसंपादक

लाकडावरून असावी. ओंडका उभा धरून कुऱ्हाड घातली की शेंड्यापासून बुडापर्यंत चिरतो. पक्षातही तसंच, नेत्यांपासून शाखेपर्यंत. मात्र आम्ही पहिल्या दिवशी 'उभी फूट' लिहिलं तेव्हा शाखेत कोणी विचारायलाही गेलं नव्हतं.

ओसरीवरून

'खिंडार' राहिलं. ते पडतंही आणि पाडतातही. काकांच्या पेपरात पडलंय, वडिलांच्यात पाडलंय. आत्ताच बघून आलो.