मदत हवी आहे: जुन्या मॅन्युअल लेन्ससाठी स्वस्तातला मिररलेस कोणता?

मनमौजी:
मंडळी, घाईत लिहितोय. मामाने त्याच्या जुन्या लेन्स दिल्यात, तीन आहेत, सगळ्या हाताने फोकस करायच्या. त्यांच्यासाठी स्वस्तातला मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा हवाय. चार तास व्हिडिओ बघितले, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. लांबलचक नको, फक्त एक नाव सांगा. परवापर्यंत ठरवायचंय.

शंकासुर:
लेन्स कोणत्या? माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला अडकवायची जोडणी, कोणता? कशाचे फोटो काढणार? नवीनच हवा की वापरलेला चालेल?

मनमौजी:
जुन्या मॅन्युअल लेन्स, लिहिलंय की वर. वापरलेला चालेल.

शंकासुर:
अहो, 'गाडीला टायर हवाय, गोल' असं झालं हे. लेन्सच्या पुढच्या काचेभोवती काय लिहिलंय ते वाचून सांगा आधी.

डार्करूमवाला:
माझं ऐकाल तर मिररलेसच्या फंदात पडू नका. या लेन्स फिल्मसाठीच बनल्यात. एक फिल्म बॉडी घ्या. छत्तीस फोटोंत माणूस विचार करायला शिकतो.

मनमौजी:
फिल्म नको. कॅमेरा सांगा.

सोनचाफा:
ऑलिंपसचा ई-एम१०. बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे, त्यामुळे कुठलीही जुनी लेन्स लावा, हात हलला तरी सांभाळून घेतो. लहान, हलका. मी सहा वर्षं तोच वापरतेय.

फुलफ्रेमप्रेमी:
अरे देवा, मायक्रो फोर थर्ड्स, म्हणजे छोटा सेन्सर! ५० मिमीची लेन्स १०० सारखी दिसणार. घरात फोटो काढायचा तर भिंतीतून बाहेर जावं लागेल. जुन्या लेन्सची खरी मजा कडांना असते आणि यांचा सेन्सर नेमक्या कडाच कापून टाकतो. फुल फ्रेमशिवाय, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरशिवाय, अर्थ नाही. सोनी ए७ घ्या, २०१३ चा पहिला.

सोनचाफा:
लेन्स ५० चीच राहते, चित्र कापलं जातं. आणि मी पक्षी टिपते, मला कापलेलंच सोयीचं. कडा अगदी मऊ येतात जुन्या लेन्सच्या, त्या गेल्याचं मला तरी दुःख नाही.

फुलफ्रेमप्रेमी:
ताई, तो मऊपणाच तर हवा असतो!

मनमौजी:
तुमचं भांडण झालं की मला सांगा.
घ्या, वाचलं. एकीवर 'कॅनन लेन्स एफडी ५० एमएम १:१.४'. दुसरीवर 'टाकुमार', ३.५/१३५, मागे आटे आहेत. तिसरीवर रशियन अक्षरं आणि ४४-२, तिलाही आटे. ती मात्र बिघडलेली दिसते. पुढे दोन रिंगा आहेत, एक टक टक करत फिरते, दुसरी नुसतीच गुळगुळीत फिरते.

अनुभवी:
कॅननची लेन्स आहे ना? मग कॅननचाच आरसावाला डीएसएलआर घ्या, थेट बसेल. उगाच अडॅप्टरचा खर्च कशाला?

आजोबांचा_चष्मा:
अनुभवी, नाही बसणार. एफडी हा कॅननचा जुना माउंट, आणि १९८७ साली आलेल्या ईओएस कॅमेऱ्यांच्या ईएफ माउंटशी त्याचा संबंध नाही. एफडीला लेन्सच्या बुडापासून फिल्मपर्यंत ४२ मिमी अंतर लागतं, ईएफ बॉडीत ते ४४ मिमी आहे. म्हणजे लेन्स आधीच दोन मिमी दूर. दूरचा डोंगर कधीच स्पष्ट येणार नाही, नाहीतर अडॅप्टरमध्ये काच घालावी लागेल आणि ती सगळी मजा घालवते.

मिररलेसमध्ये आरसाच नसल्याने हे अंतर छोटं. सोनी ई माउंटला १८ मिमी, मायक्रो फोर थर्ड्सला साधारण २०. उरलेल्या जागेत नुसती पोकळ नळी घातली की झालं. अडॅप्टर म्हणजे तीच नळी. तुम्हाला दोन लागतील, एक एफडीचा आणि एक एम४२ चा, म्हणजे आट्यांच्या माउंटचा. टाकुमार आणि रशियन या दोन्ही आटेवाल्या एम४२ च्याच असणार.

रशियन लेन्स बिघडलेली नाही, मनमौजी! ती हेलिओस ४४-२, ५८ मिमी, एफ/२. टकटक रिंगेवर हवा तो अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड यायच्या भोकाचा आकार ठरवायचा, गुळगुळीत रिंगेने आतली पाती उघडायची, फोकस करायचा, आणि तीच रिंग अडेपर्यंत फिरवून पाती मिटायची. मागे पानं फुलांची गर्दी ठेवून पूर्ण उघडी वापरा, पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी गरगरते.

मनमौजी:
ती बिघडलेली नाही?? मी फेकायला काढली होती.

शंकासुर:
मामांना सांगू नका. आता उरलेला प्रश्न: फोटो कशाचे?

मनमौजी:
मुलीचे. पाच वर्षांची आहे. घरातच, संध्याकाळी.

शंकासुर:
हे पहिल्या वाक्यात यायला हवं होतं. स्टॅबिलायझेशन तुमचा हात थांबवतं, मुलीला नाही. शटर १/२५० सेकंदाच्या आसपास ठेवा, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवा.

फुलफ्रेमप्रेमी:
म्हणूनच म्हणतो, फुल फ्रेम. कमी उजेडात बरा. पण पहिल्या ए७ मध्ये स्टॅबिलायझेशन नाही, हे खरं. ते २०१४ च्या ए७ मार्क २ पासून आलं. १३५ साठी कामाला येईल.

सोनचाफा:
बघा, आले ना स्टॅबिलायझेशनवर.

आजोबांचा_चष्मा:
ए७ मार्क २ ला माझंही मत. बजेट तिथवर पोचत नसेल तर सोनीचाच लहान सेन्सरचा ए६०००. २४ मेगापिक्सेल, ५० ची ७५ सारखी दिसेल, स्टॅबिलायझेशन नाही. काहीही घ्या, पण व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नसलेली बॉडी घेऊ नका. एफ/१.४ ला फोकसची पट्टी केसाएवढी असते, ती हातभर लांब धरलेल्या स्क्रीनवर दिसत नाही. आणि फोकस पीकिंगच्या, म्हणजे कॅमेरा स्पष्ट कडांवर उमटवतो त्या रंगावर विसंबू नका, तो डोळ्यावर उमटतो आणि फोकस भुवईवर असतो. चित्र मोठं करून पाहा.

डार्करूमवाला:
टाकुमारच्या काचा किरणोत्सर्गी असतात, पिवळ्या पडतात. उशाशी ठेवू नका.

आजोबांचा_चष्मा:
उशाशी लेन्स कोण ठेवतं हो? किरणोत्सर्गी थोरियम ५० च्या एफ/१.४ सारख्या काही टाकुमारमध्ये होतं. यांची १३५ आहे. चालू द्या तुमचं.

मनमौजी:
ए७ मार्क २ घेतला, वापरलेला. दोन्ही अडॅप्टरही आले. पण शटरच पडत नाही! दाबतोय तरी ढिम्म. फसवलं बहुतेक विकणाऱ्याने.

शंकासुर:
नाही फसवलं. कॅमेऱ्याला वाटतंय लेन्सच नाही. मेन्यूत 'रिलीज विदाउट लेन्स' शोधा, चालू करा.

आजोबांचा_चष्मा:
आणि 'स्टेडीशॉट', म्हणजे सोनीच्या स्टॅबिलायझेशनमध्ये, फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) हाताने भरा. ५८ नसेल तर जवळचा आकडा. लेन्स बदलली की तोही बदलायचा, हे मी अजून विसरतो.

मनमौजी:
पडलं शटर! धन्यवाद.
पण एफडीची अ‍ॅपर्चर रिंग १.४ वर ठेवा की ८ वर, फोटोत काही फरकच पडत नाही. हेलिओसला पडतो.

शंकासुर:
अडॅप्टरवर एक रिंग आहे का? तिच्यावर 'ओपन' आणि 'लॉक' असं काही लिहिलंय?

मनमौजी:
आहे. ओपनवर आहे. फिरवू?

शंकासुर:
फिरवा.

मनमौजी:
मिटली पाती. मुलगी झोपलीये, उद्या फोटो टाकतो.