केबिनमधला सिलिंडर आणि 'उगाच बाऊ' म्हणणारे

खारावारा : परवा एकाने आपल्या २४ फुटी शिडाच्या बोटीचा फोटो टाकला. शेगडीखालच्या कपाटात ५ किलोचा सिलिंडर सुतळीने बांधलेला, आणि वर मखलाशी : 'घरात ठेवतो तसाच ठेवायचा, उगाच बाऊ कशाला?' त्याला वाहवा करणारेच जास्त. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

घराला दार असतं, दाराखाली फट असते. बोट म्हणजे घमेलं. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की पाण्यासारखा खाली उतरतो आणि फळ्यांखाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचतो. हवेत साधारण २ टक्के झाला की पेटायला तयार. वास येईल म्हणाल, तर नाक वर आणि गॅस खाली. सकाळी उठून बिल्जपंपाचं बटण दाबलं की तेवढी ठिणगी पुरे.

सिलिंडर कॉकपिटमध्ये, म्हणजे केबिनबाहेरच्या उघड्या बसायच्या जागेत, वेगळ्या पेटीत ठेवायचा. झाकण वरून, केबिनकडे एकही फट नाही, तळाला भोक आणि त्यातून नळी थेट बोटीबाहेर, पाण्याच्या रेषेच्या वर. आणि उभाच. आडवा झाला तर रेग्युलेटरमध्ये वाफेऐवजी द्रव घुसतो.

नाखव्याचा नातू, हर्णै : ओ शेठ, तुमची हौस, आमचं पोट. आजोबांपासून मासेमारी आहे. सिलिंडर केबिनच्या मागे डेकवर, दोरीने आवळलेला. कसली पेटी नि कसली नळी! काही झालं नाही.

खारावारा : डेकवर उघड्यावर ना? मग गळलेला गॅस वाऱ्यावर जातो. माझंच म्हणणं तुम्ही सिद्ध केलंत, आभार.

नाखव्याचा नातू, हर्णै : टोमणे नकोत. तुमच्या पेटीने खारी हवा थांबते का? आमचा रेग्युलेटर एका हंगामात गंजून जाम झाला. १ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागली की आता काढून घरीच नेतो. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणारा तुमच्यात एक तरी आहे का?

साउथॅम्प्टनची सून : मी आहे! आमच्याकडे अगदी पुस्तकी पेटी होती. विम्यासाठी बोट तपासायला आलेल्या माणसाने पेटीच्या तळाच्या भोकात बोट घातलं, तर बाहेर काय आलं? दोरीचे धागे आणि शेंगदाण्याची सालं. नवऱ्याची. म्हणजे दोन वर्षं आम्ही बंद डबाच घेऊन फिरत होतो. (जाता जाता, इथे इंग्लंडात लाल सिलिंडर म्हणजे प्रोपेन आणि निळा म्हणजे ब्यूटेन. कडक थंडीत निळ्यावर चहासुद्धा होत नाही.)

जुनाखलाशी : एवढी कटकट कशाला? रॉकेलचा स्टोव्ह ठेवा. सांडलं तर पुसता येतं, तळाशी दबा धरून बसत नाही.

वैतागवाडी : काका, रॉकेल आणायचं कुठून? रेशनच्या दुकानात विचारलं तर माणूस हसला.

जुनाखलाशी : इच्छा असली की मिळतं.

वैतागवाडी : हो, आणि पंपाच्या स्टोव्हचा भडका? माझ्या मावशीच्या हातावर अजून डाग आहे. तेही घरात, न हलणाऱ्या जमिनीवर!

जुनाखलाशी : बर्नर नीट तापायच्या आत पंप मारला असेल. दोष स्टोव्हचा नाही.

वैतागवाडी : म्हणजे मावशीचा? व्वा. मग गॅसचा तरी दोष कुठे, काका?

साउथॅम्प्टनची सून : मावशी राहू द्या. स्वयंपाक झाला की आधी सिलिंडरचा कॉक बंद करायचा, शेगडीत उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, मग शेगडीचं बटण. नळीत काही उरत नाही. याला तर पैसे पडत नाहीत?

नाखव्याचा नातू, हर्णै : हे बरंय. आमचा भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी, उलटं करतो. सांगतो त्याला.

फोटोवाला : फोटो माझा. आणि ती सुतळी नव्हती, काथ्या होता. बरं, हलवतो सिलिंडर कॉकपिटात, व्हा खूष. पण त्या जागी माझा बर्फाचा डबा असतो. सुरमई काय मांडीवर घेऊन बसू?

जुनाखलाशी : रॉकेलच्या स्टोव्हला एवढी जागा लागत नाही.

वैतागवाडी : काका!!