आंब्याचं कॅनिंग : जुन्या सीझनची कामं, तपशिलासकट लिहा

वाडीकर : कॅनिंगचा, म्हणजे रस डबाबंद करायला कारखाने घेतात त्या आंब्याचा, भाव निघाला म्हणे, म्हणून हा धागा. रत्नागिरी-देवगडकडे एप्रिलअखेर ते पहिला पाऊस एवढाच धंदा. पेटीत न बसणारं बारकं, डागी फळ यात जायचं. सुरुवात अढीपासून, म्हणजे फळ पिकत घालायच्या राशीपासून: खाली भाताचा पेंढा, वर एक-दोनच थर. जास्त रचले की खालचं फळ उकडून काळं पडतं. पिकलेलं रोज निवडायचं.

सुरीवाली : साका विसरलात! वरून फळ झकास, कापलं की कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा आंबट गर. बाहेरून कळतच नाही. म्हणून हापूस अख्खा पल्परला (गर काढायच्या यंत्राला) टाकत नसत. देठ उडवायचा, गाल कापून बघायचा, साका खरवडायचा. राहिला तर रसात पांढऱ्या गाठी.

मालवणी तडका : आधी हाताक खोबरेल, मगे देठाक हात! चिकाचो फोड उठलो की सुरी विसरा 😄

पत्रा : डबे चपटे करून यायचे, नाहीतर ट्रकभर हवाच. रिफॉर्मरवर गोल करायचे, फ्लँजरवर काठ बाहेर वळवायचा, मग सीमरवर (काठ दुमडून डबा घट्ट बंद करणारं यंत्र) तळ. काठ जरा वाकडा राहिला की सीम तिथे नीट बसत नाही आणि महिन्याभराने गळती. दोष सीमरला देतात, चूक फ्लँजची.

बॉयलरकाका : रस ८५-९० अंशांवर, गरमच भरायचा, लगेच सीम. मोठ्या ए-१० डब्यात ३.१ किलो, लहान अडीच नंबरात ८५० ग्रॅम. मग उकळत्या पाण्यात, मोठा डबा अर्धा तास धरा. नंतर गार पाणी, पण कोमट असतानाच बाहेर, म्हणजे उरलेल्या उबेने डबा सुकतो. फार गार केला तर गंज. गरमच थप्पी लावली तर आतला रस तांबूस.

पुणेरी : मटारालाही हेच चालतं का?

बॉयलरकाका : अजिबात नाही! रस आंबट, पीएच ४ च्या आसपास (आकडा कमी तितकं आंबट), पीएच जास्त असेल तर सायट्रिक ॲसिड घालायचं. मटार ६ च्या पुढे. बोट्युलिनमचे (जीवघेणं विष करणारा जंतू) बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. प्रेशरचा रिटॉर्टच (कुकरसारखं मोठं बंद भांडं) हवा, ११५ ते १२१ अंश. घरी पातेल्यात प्रयोग नको.

कलमवाला : कोयी नर्सरीवाले न्यायचे, कोय कलमाला (कोयीच्या कोवळ्या रोपावर बांधतात ते). उन्हात वाळली की उगवत नाही, ओली असतानाच मातीत.

पुणेरी : आणि फुगलेला डबा?

सुरीवाली : फेकायचा. चाखून बघायचा नाही.

मालवणी तडका : ता सगळा ऱ्हवांदे, यंदा भाव किती?