स्टीलच्या बाटल्यांसाठी सीमाशुल्क वर्गीकरणाचा (एचएस) कोड ७३२३ की ९६१७?

प्रश्न: न्हावा शेवामार्गे चीनहून स्टेनलेस स्टीलच्या बाटल्या मागवत आहोत. पुरवठादाराच्या इनव्हॉइसवर ७३२३ आहे, तर आमचे कस्टम्स ब्रोकर ९६१७ सुचवतात. बिल ऑफ एन्ट्रीत (आयात मालाच्या सीमाशुल्क घोषणापत्रात) काय लिहावे?

उत्तर १: बाटली दुहेरी भिंतीची असून मधली हवा काढलेली असेल, तर ती निर्वात फ्लास्क म्हणून ९६१७ मध्येच जाते, एकेरी पत्र्याची बाटली मात्र घरगुती वस्तूंच्या ७३२३ मध्ये बसते. पुरवठादाराने काहीही छापले तरी वर्गीकरणाची जबाबदारी आयातदाराचीच असते.

उत्तर २: सहमत. मात्र दुहेरी भिंतींमध्ये नुसती हवाच असलेला मालही ‘थर्मॉस’ म्हणून सर्रास खपवला जातो. म्हणून उत्पादकाचे तांत्रिक पत्रक मागवावे, जमल्यास एक नमुना कापून पाहावा. तरीही शंका उरल्यास आयातीपूर्वीच मुंबईच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.