ट्रम्पेटचा म्यूट कोणता घ्यावा? घर आणि स्टेज दोन्हीसाठी एकच चालेल का?

तिसरा_मजला:
नमस्कार मंडळी. दीड वर्ष ट्रम्पेट शिकतोय. सोसायटी जुनी, भिंती पातळ आणि शेजारी चार महिन्यांचं बाळ. परवा शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "छान वाजवतोस रे, पण आत्ताच निजवलंय त्याला." तेव्हापासून केस उघडलेली नाही. त्यात दिवाळी पहाटेला सी. रामचंद्रांची दोन गाणी बसवतोय, सर म्हणाले म्यूट (ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडात खोचतात तो) लागेल. बजेट बेताचं आहे. एकात दोन्ही भागेल का?

पितळी_काका:
नाही भागणार, उगाच पैसे घालवू नकोस. घरचा म्यूट आवाज मारण्यासाठी असतो, स्टेजवरचा आवाजाचा रंग बदलण्यासाठी.

घरासाठी 'प्रॅक्टिस म्यूट' असंच नाव सांगून माग. त्याला भोवती बुचाचं किंवा रबराचं अखंड कडं असतं, त्यामुळे हवा फक्त बारीक भोकांतून निघते. फुंकर अडते आणि सूर चढतो. ट्यूनरवर बघून ट्युनिंग स्लाईड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, थोडी बाहेर ओढ, आणि म्यूट काढलास की आठवणीने परत आत घाल. मी विसरलो होतो एकदा, भर वरातीत. रोज तासभर त्यातच वाजवू नकोस. जोर लावायची सवय लागते आणि उघड्या ट्रम्पेटवर टोन फाटतो. आठवड्यातून दोनदा तरी टेकडी गाठ.

सा_रे_ग_मा_पोळी:
यामाहाच्या सायलेंट ब्रासमध्ये म्यूटच्या आतच माइक असतो, हेडफोन लावून वाजवता येतं. मस्त आहे, पण 'बेताच्या बजेट'मध्ये बसणार नाही.

तिसरा_मजला:
आणि स्टेजसाठी, काका?

पितळी_काका:
आधी सरांना विचार कुठला रंग हवाय. स्ट्रेट म्यूट धारदार वाजतो, ॲल्युमिनियमचा तर जास्तच. कपवाला गोल, मऊ. गाण्यामागे भरायला छान. हार्मन म्हणजे ती नाकातली भुणभुण. म्यूटमधली नळी ठेवून म्यूटच्या तोंडावर हात उघडझाप केलास की 'वाँ-वाँ' येतं. जॅझवाला माइल्स डेव्हिस ती नळी काढूनच वाजवायचा. मात्र हार्मन माइकला अगदी चिकटून धरावा लागतो, नाहीतर मागच्या रांगेला काही ऐकू येत नाही.

सी. रामचंद्रांकडे गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट वाजवायचे. जुनी रेकॉर्ड लावून तो ट्रम्पेट नीट ऐक आणि मग ठरव. मला विचारशील तर पहिला म्यूट स्ट्रेटच घे.

मडगावकर:
वाँ-वाँ करायला मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप आण, दांडा काढून टाक. चेष्टा नाही, जॅझवाले तोच वापरतात. फक्त नवा आण रे बाबा!

तिसरा_मजला:
एका मित्राचा जुना स्ट्रेट म्यूट मिळाला, पण दुसऱ्याच ओळीला तो निसटून फरशीवर आपटला. पोचा आला. बुचाच्या तीन पट्ट्यांपैकी एक गुळगुळीत झाली आहे.

पितळी_काका:
ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडात आतून हाऽऽ करून वाफ सोड, मग म्यूट घालून किंचित पीळ दे. बसतो घट्ट. तरी निसटला तर ती पट्टी बदल. नवी पट्टी जाड असेल, म्हणून पॉलिश पेपरने थोडीथोडी घास आणि दर वेळी घालून बघ. एकदम घासलीस की गेली. पोचा राहू दे, वाजण्यात फारसा फरक पडणार नाही.

तिसरा_मजला:
वाफेने बसला! आता प्रॅक्टिस म्यूट शोधतो. तोवर काकूंकडून बाळाचं झोपेचं वेळापत्रक घेतलंय, दुपारी चार ते पाच मोकळे.